खाटेचा एक कोपरा: चर्चमध्ये नुसतं बसणाऱ्यांनी मंडळीच्या कामात कसं उतरावं

मेगाब्लॉकचा, म्हणजे दुरुस्तीसाठी मुंबईच्या लोकल बंद ठेवतात तसा रविवार होता. आमची मराठी उपासना अकरा वाजता असते. त्या दिवशी अकराला दहा कमी असताना बाकांवर जेमतेम वीस माणसं होती. शास्त्रवाचन ज्यांच्याकडे होतं ते काका ठाण्याला अडकले होते. मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले एक ज्येष्ठ, माझ्या बाकाशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, आजचं पहिलं वाचन तुम्ही करा. मीखा, सहावा अध्याय." मी पुढे गेले, स्टँडवरचं मोठं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि मला त्यातलं मीखाचं पुस्तक सापडेना. आमोस दिसला, एकदम नहूम आला, मागे गेले तर ओबद्या. सगळं चर्च गप्प होतं, डोक्यावरचा पंखा तेवढा करकरत होता. शेवटी वडिलांनीच येऊन पान काढून दिलं. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला, दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास मोठेपणी स्वतःच्या तोंडानं कबूल करण्याचा विधी, पंधराव्या वर्षी. इतकी वर्षं वचन कुणीतरी वाचलं होतं आणि मी ऐकलं होतं. पानं मात्र माझ्या बोटांनी कधी उलटली नव्हती.

त्या दिवसानंतर मी जे जे करून पाहिलं, त्यातलं जे टिकलं ते इथं लिहिते आहे. जे दर रविवारी येतात, मागच्या बाकावर बसतात, आशीर्वाद झाला की बाहेर पडून रिक्षा पकडतात आणि घरी गेल्यावर ज्यांना आत कुठंतरी रिकामं वाटतं, त्यांच्यासाठी हे आहे. कॅथलिक असा, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) असा, मेथॉडिस्ट असा किंवा एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्या मंडळीचे असा, यातलं बहुतेक तुम्हाला करता येईल.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायापासून करू या. येशू कफर्णहूमात एका घरात वचन सांगतो आहे आणि दारातही पाय ठेवायला जागा नाही. चार माणसं एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात. गर्दीतून वाट मिळत नाही, म्हणून ती छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि खाट खाली सोडतात. त्या गर्दीकडे नीट पाहा. ती वाईट माणसांची गर्दी नव्हती. वचन ऐकायला आलेले भाविक लोक होते ते, पण दारात उभं राहून ऐकताना त्यांनीच आजाऱ्याची वाट अडवली होती. पुढं लिहिलं आहे की येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला. 'त्यांचा' म्हणजे खाट आणणाऱ्यांचा. त्या चौघांची नावं शास्त्रात नाहीत, त्यांच्या तोंडी एक शब्दही नाही. प्रत्येकानं खाटेचा एक कोपरा धरला होता, एवढंच आपल्याला कळतं.

विश्वासात उतरायचं म्हणजे स्टेजवर जायचं, माइक धरायचा, कमिटीत निवडून यायचं असं आपल्याकडे फार जणांना वाटतं. म्हणून लाजाळू माणसं मागेच राहतात. तुम्हाला एक कोपरा धरायचा आहे. कुठला, ते शोधायला थोडा वेळ लागतो.

आधी एक रविवार नीट पाहा

येत्या रविवारी काहीही बदलू नका. घरी आल्यावर वहीत चार गोष्टी लिहा. मी किती वाजता पोचले? कुठं बसले आणि तिथंच का बसले? किती जणांशी बोलले, आणि त्यांतल्या किती जणांची नावं मला ठाऊक आहेत? संदेशातलं, म्हणजे पाळकांच्या प्रवचनातलं, कोणतं वाक्य आत्ता आठवतंय?

मी हे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिसऱ्या प्रश्नाला दोन नावं आली. त्यातलं एक माझ्या आतेबहिणीचं होतं. चौथ्या प्रश्नापुढची जागा कोरीच राहिली. स्वतःवर रागावून काही उपयोग नाही. हा कागद जपून ठेवा, तीन महिन्यांनी लागेल.

शनिवारची रात्र

उपासना रविवारी बिघडत नाही, ती शनिवारी रात्रीच बिघडते, असं माझं ठाम मत आहे. मुंबईत तर नक्कीच. नगर, जालना, औरंगाबादकडून गिरण्यांत, रेल्वेत, इस्पितळांत कामाला आलेली आपली माणसं एकेकाळी भायखळा, गिरगाव, परळच्या आसपास राहायची. चर्च चालत जाण्याच्या अंतरावर असायचं. आता तीच घरं कल्याण, अंबरनाथ, विरारला गेली आणि मंडळी मात्र जुन्याच चर्चची राहिली. तास-दीड तासाचा प्रवास करून येणारा माणूस धावतपळत शेवटच्या बाकावर येऊन टेकला, तर त्याचं मन पोचायला आणखी अर्धा तास लागतो.

म्हणून शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर वीस मिनिटं बाजूला काढा. मेगाब्लॉक कुठं आहे ते बघून गाडी ठरवा. दानाचं पाकीट घरीच भरून पवित्र शास्त्रात ठेवा. ताट समोर आल्यावर खिसा चाचपून निघतात ते सुटे पैसे असतात, दान घरून ठरवून आणलेलं असतं. मग उद्याची वाचनं काढून एकदा मोठ्यानं वाचा. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. त्यामुळं ती आधीच मिळतात. सीएनआयच्या मंडळ्यांनाही पाठवाचनाची सारणी असते. तुमच्याकडे तसं काही नसेल तर पाळकसाहेबांना शुक्रवारी साधा मेसेज टाका: "रविवारचा शास्त्रभाग कोणता आहे?" असं विचारणारं कुणी आहे याचाच त्यांना आनंद होतो.

वाचताना एक शब्द, एक नाव किंवा न कळलेली एक ओळ पेन्सिलीनं खूण करून ठेवा. दुसऱ्या दिवशी संदेश सुरू झाला की कान आपोआप त्या ओळीची वाट पाहतात.

उपासनेत अंग असू द्या

कॅथलिक वाचकांना हे माहीत असेल. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला आणि त्यात स्पष्ट म्हटलं की भाविकांनी मिस्सेला परक्यासारखं, मूक प्रेक्षक होऊन बसू नये. त्यांनी जाणतेपणानं आणि पूर्णपणे सहभागी व्हावं. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली ती याच बदलातून. आपल्या भाषेत उत्तर देता यावं म्हणून एवढी मोठी गोष्ट घडली, आणि आपण "आणि तुमच्या आत्म्याबरोबर" हे ओठांतल्या ओठांत पुटपुटतो.

प्रोटेस्टंट बाजूला सर्व विश्वासणाऱ्यांचं याजकपण, म्हणजे प्रत्येक विश्वासणारा देवापुढं याजक (पुरोहित) आहे, ही शिकवण पाचशे वर्षं जुनी आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, तुम्ही राजकीय याजकगण आहात असं सगळ्या मंडळीला उद्देशून म्हटलं आहे. तरी आमच्याकडेही प्रार्थना पाळकांनी करायची आणि आमेन आम्ही म्हणायचं, असंच चालतं. कित्येकदा तेही नाही.

मग करायचं काय? पुढं बसा. पहिल्या बाकावर नको, चौथ्या-पाचव्या बाकावर. समोर फक्त पाठी दिसत असल्या की मन भटकतं. गाण्याचं पुस्तक स्वतः हातात धरा, शेजारच्याच्या पुस्तकात डोकावू नका. आणि गा. सूर नसेल तरी गा. मराठी ख्रिस्ती माणसाला गाण्यासाठी उसनं काही आणावं लागत नाही. १६१६ साली इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी 'ख्रिस्तपुराणा'त ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत आणली. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या आणि भजनाच्या चालीवर गाणी रचली, ती 'उपासना संगीत' या गाण्याच्या पुस्तकात आजही तुमच्या हातात असतात. भजन ऐकण्यासाठी नसतं, ते सगळ्यांनी मिळून उचलायचं असतं. तबल्याचा ठेका धरला की टाळी वाजवायला मागेपुढे पाहू नका.

पापकबुलीच्या प्रार्थनेआधी जी छोटी शांतता असते, त्यात गेल्या आठवड्यातली एक खरी गोष्ट मनात म्हणा, तारखेनिशी. "मी पापी आहे" हे मोघम म्हणणं सोपं आहे. "मंगळवारी मी सासूबाईंना जे बोलले" हे म्हणायला जड जातं, आणि क्षमेचे शब्दही मग मोघम राहत नाहीत.

संदेश चालू असताना सांगणाऱ्यासाठी मनात प्रार्थना करा आणि एकच वाक्य लिहून घ्या. वही नको वाटत असेल तर दानाच्या पाकिटाच्या पाठीवर लिहा.

आशीर्वादानंतर दहा मिनिटं थांबा. माझ्या मते या सगळ्यांत हे अवघड आहे, कारण या दहा मिनिटांत आपल्याला काही काम नसतं. दर रविवारी एकच नवं नाव. "सलाम, आपण इतकी वर्षं एकमेकींना बघतो, पण नावच विचारलं नाही कधी." एवढं बोलायला धीर लागतो, पण समोरची बाई हसतेच. घरी जाऊन नाव वहीत लिहा, नाहीतर पुढच्या रविवारी पुन्हा विचारावं लागतं.

घरी बसून यूट्यूबवर उपासना पाहणाऱ्यांसाठी दोन शब्द. मार्च २०२० मध्ये दारं बंद झाली तेव्हा त्या छोट्या पडद्यानं आपल्याला सांभाळलं, ते मी विसरलेले नाही. आजही रविवारची ड्युटी असलेल्या नर्सला, अंथरुणावरच्या आजोबांना त्याचा आधार आहे. पण पाहायचं असेल तर तयार होऊन, शास्त्र उघडून, उभं राहायचं तिथं उभं राहून पाहा, कुकरच्या शिट्ट्या मोजत नको. संपल्यावर मंडळीतल्या एका माणसाला फोन करा. तो फोन झाला की तुमची उपासना पूर्ण झाली असं धरा.

मोठ्यानं प्रार्थना करण्याची भीती

प्रार्थनासभेत "आता ताई प्रार्थना करतील" असं कुणी म्हटलं की छातीत धडधडतं, हे मला ठाऊक आहे. आपल्या मंडळ्यांतली जुनी माणसं फार सुंदर प्रार्थना करतात, "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या" अशी ती भाषा ओघानं वाहते. आपल्याला ती येत नाही, म्हणून आपण गप्प राहतो. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची, तिला लिहिता येत नव्हतं. ती चुलीपुढं बसून देवाशी बोलायची ते बाजेवर बसलेल्या थोरल्या भावाशी बोलावं तसं. "बघ बाबा, पाऊस नाही, आता तूच बघ." मला प्रार्थना शिकायची होती तेव्हा मी तीच आठवली.

आधी एकट्यानं, घरात दार लावून, आवाज काढून प्रार्थना करा. मनातल्या मनात नको. आपलाच आवाज कानांवर पडायची सवय व्हायला पंधरा दिवस पुरतात. मग सभेत जाण्यापूर्वी तीन वाक्यं कागदावर लिहा. एक आभाराचं, एक मागण्याचं आणि मागणं एखाद्या नाव असलेल्या माणसासाठी असावं, तिसरं शेवटचं. उदाहरणार्थ:

"प्रभू, आज पावसात आम्ही सगळे सुखरूप इथं पोचलो, तुझे आभार. खालच्या मजल्यावरच्या मावशींचं गुरुवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्या घाबरल्यात, त्यांच्या डोळ्यांवर आणि मनावर तुझा हात असू दे. येशूच्या नावानं मागते. आमेन."

अर्धा मिनिटही लागत नाही, आणि ही पूर्ण प्रार्थना आहे. कागद बघून वाचली तरी चालते. पहिल्यांदा माझा कागद इतका थरथरत होता की शेजारच्या काकूंनी माझं मनगट धरलं. सभा संपल्यावर त्या म्हणाल्या, "मावशींचं नाव घेतलंस ते बरं केलंस, मला ठाऊकच नव्हतं." मग दोघी मिळून गुरुवारी गेलो.

रोजच्या प्रार्थनेसाठी जागा कुठून आणायची, हा मुंबईतला खरा प्रश्न आहे. एका खोलीत पाच माणसं आणि टीव्ही. मी माझी प्रार्थना लोकलमध्ये करते. डोंबिवली ते दादर, बसायला मिळो न मिळो. वहीतली नावं स्टेशनांना वाटून दिली आहेत. ठाण्याला भावाचं कुटुंब, मुलुंडला ऑफिसातली मैत्रीण, घाटकोपरला संडे स्कूलची मुलं. गाडी थांबली की नाव बदलतं. डोळे मिटावे लागत नाहीत. पहाटे उठून शांत बसणं ज्यांना जमतं त्यांनी अवश्य बसावं. ज्यांना जमत नाही त्यांनी वर्षानुवर्षं नुसतं मनाला लावून घेऊ नये.

दहा बाय बाराच्या खोलीत प्रार्थनासभा

चर्चमध्ये दोनशे माणसांत बोलायला न धजणारा माणूस आठ जणांत बोलतो. म्हणून घरची सभा हवी. कॅथलिक धर्मग्रामांत (एका चर्चच्या हद्दीत) विभागवार छोटे समूह असतात, मे महिन्यात गावठाणातल्या क्रुसापाशी जपमाळ होते. तुमच्या गल्लीत असं काही आधीच चालू असेल तर तिथंच जा, नवं काढू नका. नसेल तर पाळकांना किंवा फादरना सांगून सुरू करा. न सांगता सुरू केलेल्या सभेतून पुढं गट पडतात, मी पाहिलं आहे.

वार ठरवताना लोकलचा विचार करा. आठच्या आधी कुणी घरी पोचत नाही आणि दहानंतर कुणाचं चित्त नसतं. सव्वाआठ ते नऊ, पंचेचाळीस मिनिटं. घड्याळ सगळ्यांना दिसेल असं ठेवा. वेळेवर संपणाऱ्या सभेला माणसं पुन्हा येतात. बिर्हाड लहान असेल तर माणसं आठच बोलवा. खुर्च्या नकोत, सतरंजी घाला. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगा आणि माइक-स्पीकर आणू नका. भिंती पातळ असतात, आणि शेजाऱ्याची झोप मोडून त्याच्यावर प्रेम करता येत नाही. चहा ठेवा, फार तर बिस्किटं. एकीनं पहिल्या सभेला पुरणपोळ्या केल्या की दुसऱ्या घरातली बाई पुढची सभा घ्यायलाच घाबरते.

पहिली पाच मिनिटं एक भजन. मग शास्त्रभाग, एकेक जण दोन-दोन ओळी वाचेल असा, म्हणजे प्रत्येकाच्या तोंडून वचन जातं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी शेजाऱ्यानं वाचावं, त्याची अडचण कुणी बोलून दाखवू नये. मग तीन साधे प्रश्न: इथं काय घडतंय? मला कुठं टोचलं? या आठवड्यात मी काय करणार?

आमच्या घरी पहिल्या सभेला लूकचा एकोणिसावा अध्याय घेतला होता, येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कय या जकातदाराचा. "काय घडतंय" यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, "तो झाडावरून बघतोय, पण येशू त्याला खाली बोलावतो." मग थोडी शांतता झाली. एक रिक्षावाले दादा, जे दोन वर्षांत कधी बोलले नव्हते, ते म्हणाले, "येशू त्याच्या घरी जेवायला जातो. माझ्या घरी येतो म्हणाला तर मी कुठल्या तोंडानं हो म्हणू? शेजारच्याशी सहा महिने बोलणं नाही." कुणी उपदेश केला नाही. सगळ्यांनी त्या शेजाऱ्यासाठी प्रार्थना केली. संदेश देणारा कुणी नसला तरी वचन काम करतं, हे मी त्या रात्री पाहिलं.

ज्या माणसानं सभेत मन मोकळं केलं त्याची गोष्ट खोलीबाहेर जाता कामा नये. पहिल्याच दिवशी हे स्पष्ट बोलून घ्या. 'प्रार्थनेची विनंती' या नावाखाली आपल्याकडे किती घरांच्या गोष्टी गावभर होतात, हे आपण सगळेच जाणतो.

एक काम, तीन महिने

इथवर आलात की मंडळीत एक काम मागा. "काही काम असेल तर सांगा" असं म्हणू नका, त्याला कुणी काही देत नाही. स्वतः काम पाहून ठेवा आणि मुदत घालून मागा: "पाळकसाहेब, पुढचे तीन महिने उपासनेआधी गाण्याची पुस्तकं मी वाटते." मुदत असली की देणाऱ्याला भीती नसते आणि घेणाऱ्यालाही सुटका असते.

कुणी न घेतलेली कामं खूप असतात. म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवणं, रिक्षा बोलावून देणं. नव्या माणसाजवळ बसून पान काढून देणं. संडे स्कूलच्या मुलांना खडू-कागद पुरवणं. वर्गणीच्या पावत्या लिहिणं. गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, त्यातला एखादा उद्गार गृहिणीनं किंवा कॉलेजच्या मुलानं घ्यायला काय हरकत आहे? लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू होताच विचारून ठेवा, तयारीला चाळीस दिवस मिळतात.

नकारही मिळतो. मी संडे स्कूलमध्ये शिकवू का, असं विचारलं तेव्हा एका जबाबदार व्यक्तीनं मला "आमच्याकडे माणसं आहेत" असं सांगितलं. मुलं तेव्हा व्हरांड्यात शिक्षकाविना बसलेली मी दर रविवारी पाहत होते. मला खूप लागलं, दोन रविवार मी गेले नाही. मग व्हरांडा झाडायला सुरुवात केली, कारण झाडू मागायला परवानगी लागत नव्हती. पाचव्या रविवारी एका मुलानं विचारलं, "टीचर, आज गोष्ट कोण सांगणार?" कमिटी, निवडणुका, जुनी भांडणं, अमक्याचा गट आणि तमक्याचा गट, हे सगळं आपल्या मंडळ्यांत आहे आणि ते पाहून चांगली माणसं मागे सरतात. पहिलं वर्षभर तरी कोणत्याच गटाच्या बाजूनं बोलू नका. काम करत राहिलेल्या माणसाचं म्हणणं पुढं आपोआप ऐकलं जातं.

पैशाविषयी थोडकंच. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देणं जमत असेल तर उत्तम. जमत नसेल तर पगार झाल्या दिवशी ठरलेली रक्कम आधी बाजूला काढा, ती शंभर रुपये असली तरी. आणि मंडळीचा हिशेब वाचला जातो त्या सभेला हजर राहा. देणाऱ्यानं हिशेब ऐकणं हीसुद्धा सेवाच आहे.

आजाऱ्याच्या उशाशी

मला स्वतःला हा कोपरा मिळाला, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

आधी फोन करून विचारा. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात, पास एक किंवा दोनच असतात, आणि तुम्ही आत गेलात तर बायकोला किंवा मुलाला बाहेर थांबावं लागतं. तसं असेल तर आत जाऊ नका, बाहेर त्या बायकोजवळ बसा. तिला कुणी विचारलेलं नसतं. आत गेलात तर पलंगावर बसू नका, स्टुलावर बसा, म्हणजे आजाऱ्याला मान वर करावी लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरे. डॉक्टर बदलण्याचा सल्ला देऊ नका, आपल्या चुलत्याला हाच आजार होता ती गोष्ट सांगू नका, आणि 'विश्वास कमी पडला' हे शब्द तर तोंडातून कधीच काढू नका. खाटेवरच्या त्या माणसाला येशूनं असं काही विचारलं नव्हतं.

प्रार्थना करू का, असं विचारा. नाही म्हटलं तर नुसता हात धरून बसा. हो म्हटलं तर तेविसावं किंवा एकशे एकविसावं स्तोत्र हळू वाचा, दोन वाक्यांत प्रार्थना करा. शेजारच्या पलंगावर दुसऱ्या धर्माचा माणूस असतो, आवाज त्याला त्रास होणार नाही इतकाच ठेवा. पुष्कळदा तोच म्हणतो, "माझं पण नाव घ्या." आठवड्यानं परत फोन करा. पहिल्या आठवड्यात सगळे येतात, तिसऱ्या आठवड्यात कुणी नसतं. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात जा.

परळला टाटा हॉस्पिटलच्या परिसरात लांबलांबून आलेली कुटुंबं फुटपाथवर दिवस काढतात. त्यांच्यासाठी काही करावंसं वाटलं तर जेवणाची पाकिटं घेऊन थेट धावू नका. आधी तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन कशाची गरज आहे ते विचारा. कधी रक्तदाता हवा असतो, कधी प्लेटलेट देणारा, कधी फक्त फॉर्म भरून देणारा, कुठल्या खिडकीवर जायचं ते दाखवणारा माणूस. आणि मदतीला विश्वासाची अट कधीही जोडू नका. मदतीबरोबर पत्रकही देऊ नका. कुणी आपणहून विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर खरं ते सांगा, दोन वाक्यांत.

कधीतरी थकाल. घर, नोकरी, प्रवास, त्यात ही सेवा. घरी आलेल्या येशूसाठी राबणारी मार्था आणि त्याच्या पायाशी बसून ऐकणारी मरीया यांची गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात आहे, ती थकलेल्या दिवशी वाचा. येशूनं मार्थेचं काम वाईट म्हटलं नाही, तिची दगदग पाहिली. सेवेमुळं घरात चिडचिड वाढली, मुलं "आई परत चर्चला?" असं म्हणायला लागली, तर एक काम सोडा. दुसरं धरू नका. त्या महिन्यात नुसतं बसून ऐका, त्यात काही कमीपणा नाही.

तीन महिन्यांनी

पहिल्या रविवारचा कागद काढा आणि तेच चार प्रश्न पुन्हा लिहा. नावं किती झाली ते मोजा. माझी तेव्हा अकरा झाली होती. घेतलेलं काम जमलं असेल तर मुदत वाढवून मागा, जमलं नसेल तर मोकळेपणानं परत करून दुसरं घ्या.

मग मागच्या बाकाकडे पाहा. तिथं कुणीतरी बसलेलं असेल, दारापाशी, पंख्याखाली. त्यांना गुरुवारीच फोन करा, ऐनवेळी रविवारी नको. "पुढच्या रविवारचं पहिलं वाचन तुम्ही कराल का?" नाही म्हणाले तर महिन्यानं परत विचारा. हो म्हणाले तर कठीण नावांचे उच्चार फोनवरच एकदा म्हणून घ्या. रविवारी पंधरा मिनिटं आधी चर्चमध्ये जा, स्टँडवरचं मोठं पवित्र शास्त्र उघडा, पान काढा आणि तिथं कागदाची पट्टी ठेवून या.